राँग क्वेश्चन

रेगेकाकांना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालेला माणूस इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये अजून सापडायचाय. "काका, चहा घेणार?" असं विचारा. "राँग क्वेश्चन! साखर किती, ते विचार." मी त्यांचा शेजारी. माझ्या वाट्याला असे राँग क्वेश्चन रोजचेच.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर पेशंटना "सकाळपासून काही खाल्लंय का?" विचारलं आणि पेशंट बिनदिक्कत खोटं बोलले. त्या रागापोटी ते प्रश्नांवरच उलटले असावेत.

त्यांच्याकडे एक बंदूक आहे. शिकारीची नव्हे हो. क्लबात मातीच्या तबकड्या हवेत सोडतात, त्या फोडायची. काका नेम धरायचे आणि काकू मागे उभ्या राहून "लागली नाही!" असं खणखणीत जाहीर करायच्या. खंडेनवमीला त्या बंदुकीला हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहायच्या. एकदा तपासणीला आलेला पोलीस नळीवरचे लाल-पिवळे डाग बघून चरकला. काकूंनी त्याला प्रसादाचा शिरा दिला. त्याने दोनदा मागून घेतला.

काकूंना जाऊन आता वर्ष होईल. त्यानंतर काका क्लबात फिरकले नाहीत. पण बंदुकीच्या लायसन्सची मुदत संपत आली आणि नूतनीकरणाआधी तब्येत-मन ठीक आहे ना, ते तपासायला डॉक्टरांनी बोलावलं.

"तू चल. साक्षीदार म्हणून," काका म्हणाले. गाडीत त्यांची उजळणी चालली होती. "झोप उत्तम, भूक उत्तम, मूड उत्तम. तू फक्त मान डोलवायची. ती बंदूक नेली तर खंडेनवमीला मी पुजू काय? टोस्टर?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काकांच्या नातीच्या वयाच्या.

"घरात बंदूक आहे ना?"

"राँग क्वेश्चन. नसती तर इथे कशाला आलो असतो?"

"बंदुकीच्या कपाटाची किल्ली आणखी कुणाकडे?"

"बायकोलासुद्धा जागा सांगितली नव्हती. पूजेच्या दिवशी मीच काढून द्यायचो."

"ड्रिंक्स किती घेता?"

"राँग क्वेश्चन. कुणाबरोबर, ते विचारा."

मी इमानेइतबारे मान डोलवत होतो. बाईंनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "मिसेस रेगे गेल्यापासून घरी कसं वाटतं?"

"राँग..." काका म्हणाले आणि थांबले. माझी मानही थांबली.

"नाही. प्रश्न बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "मी पेशंटना सांगायचो, निदान आमच्याशी तरी खोटं बोलू नका. झोप नाही. संध्याकाळी घर खायला उठतं. बंदूक सध्या घरात नको, क्लबात ठेवू दे. मला बरं वाटलं की मी मागून घेईन."

बाईंनी मान डोलवली. पुन्हा भेटायला बोलावलं.

 परत येताना एकाच राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, मी दोन फेऱ्या घातल्या. काका दाराशी किल्ली हातात घेऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"जेवायला थांबतोस का रे?"

"राँग क्वेश्चन," मी म्हणालो. "पिठल्यात लसूण किती घालू, ते विचारा."

काकांनी भरपूर घातला.