सतरावा धडा

रविवारी दुपारी घरातला कॉम्प्युटर सुस्तावला आणि लेकीने जाहीर केलं, की आता याला धुऊन काढल्याशिवाय गत्यंतर नाही. या घरात कॉम्प्युटरबद्दलचा शेवटचा शब्द तिचा असायचा. नववीत गेल्यापासून तर पहिलाही तिचाच. बाबा प्रिंट काढायला तिला हाक मारायचे, शेजारच्या काकू फोन घेऊन यायच्या. आईने काही विचारलं, की ती एक सुस्कारा सोडायची, आईच्या हातातला माऊस काढून घ्यायची आणि तीन सेकंदांत काम उरकून परत करायची. काय झालं ते आईला कळायचं नाही, पण काम व्हायचं.

"टेम्पररी फाइल्स साठल्यात," ती म्हणाली. "आपण बघितलेल्या प्रत्येक पानाचं काहीबाही ब्राउझर जपून ठेवतो. तुमच्या जुन्या चपलांसारखं."

"मग टाक पुसून," बाबा पेपराआडून म्हणाले. "चपला सोडून."

पुसण्याची यादी उघडली. सहा चौकटी होत्या. काय काय पुसायचं? तिने सहाही चौकटींत टिक केलं. कधीपासूनचं? शेवटचा तास, शेवटचा आठवडा की अगदी सुरुवातीपासून? अर्धवट कामं करणाऱ्यांतली ती नव्हतीच. पट्टी सरसर पुढे गेली, 'झालं' अशी अक्षरं उमटली, आणि कॉम्प्युटर होता तितकाच सुस्त राहिला.

आधी बाबा बसले. त्यांची मेल उघडेना.

"हा मला विचारतोय, तुम्ही कोण म्हणून. अकरा वर्षं याच खुर्चीत बसतोय मी."

"पासवर्ड टाका ना, बाबा."

"पासवर्ड होता का मला?"

त्यांनी आठवून चार पासवर्ड टाकले. चारही चुकले आणि मेलने एक दिवसासाठी दार लावून घेतलं. बाबा चहा टाकायला गेले.

मग हात पुसत आई आली. काखेत निळी वही होती. तिने खुर्ची पुढे ओढली, एक पान उघडलं आणि ती नुसतीच बघत राहिली. पानावर लिहिलं होतं: 'नमस्कार. पहिल्यांदाच आलात? चला, माऊस कसा धरायचा ते शिकू.'

"माझे धडे कुठे गेले?" आईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच लेक उठून उभी राहिली.

हळूहळू उलगडा झाला. ग्रंथालयात टेबलावर बसायला माणूस हवा होता. उद्या सकाळी दहाला आईला भेटायला बोलावलं होतं आणि कॉम्प्युटर येतो असं प्रमाणपत्र सोबत मागितलं होतं. दोन महिने, दुपारी घर रिकामं झालं की आई हा फुकटचा अभ्यासक्रम करत होती. चोवीस धडे, प्रत्येकानंतर पाच प्रश्न. तेवीस झाले होते.

"खातं नाही उघडलंस? खात्यात सगळं राहतं गं."

"त्याला ईमेल मागत होते. कुठेही ईमेल द्यायचा नाही, असं तूच बजावलं होतंस."

लेक म्हणाली, "मला सांगायचंस. मी शिकवलं असतं."

"विचारलं होतं की. तू माऊस घेतलास."

लेकीने पुन्हा माऊसच घेतला. "थांब, तेवीस धडे मी आत्ता उडवते." पण धडे उडत नव्हते. प्रत्येक धडा संपूर्ण ऐकल्याशिवाय प्रश्न येत नव्हते. पहिल्या धड्यात ती छताकडे बघत बसली आणि पाचांतले दोन प्रश्न चुकली. कॉम्प्युटर बंद कसा करावा, यावर तिने 'बटण दाबून' असं ठोकून दिलं होतं, कारण ती रोज तसाच बंद करायची. पान मायेने म्हणालं, 'काळजी करू नका. सावकाश पुन्हा ऐका.'

"दे इकडे," आई म्हणाली. "तू शेजारी बस."

शेजारच्या स्टुलावरून पडदा तिरका दिसतो, हे लेकीला त्या दिवशी कळलं. आई दोन बोटांनी पण न चुकता एकेक धडा मागे टाकत गेली. बाबांनी दोनदा चहा आणला. साडेचार वाजता सतरावा धडा लागला.

"टेम्पररी फाइल्स पुसण्याआधी," धड्यातल्या बाई सांगत होत्या, "प्रत्येक चौकट वाचा. नको ती टिक काढा. आणि कॉम्प्युटर सगळ्यांचा असेल, तर आधी घरात विचारा."

बाबांनी कप बशीत ठेवला. त्याचा आवाज फार मोठा वाटला. निळ्या वहीत हेच वाक्य लिहिलेलं होतं, खाली लाल रेघ.

"परत ऐकायचा का?" आईने विचारलं.

"नको. कळला."

"सावकाश ऐकता येतो."

"आई."

एकोणिसाव्या धड्यात कॉम्प्युटर सुस्त का होतो ते होतं: उघडे ठेवलेले टॅब. आईने पडद्याच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं. धड्याचा सोडून एकेचाळीस होते. शाळेचा प्रकल्प, त्याआधीचा प्रकल्प आणि केस कुरळे करायच्या अकरा पद्धती.

लेकीचा हात माऊसकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. "मी बंद करू?"

आईने तिच्याकडे पाहिलं आणि माऊस सरकवला. एकेचाळीस टॅब मिटले, तसा कॉम्प्युटर पळू लागला.

सहाच्या आत चोवीसही झाले. प्रमाणपत्राच्या खाली तोच जुना प्रश्न आला: प्रगती जतन करायला खातं उघडायचं का? आईने लेकीकडे न बघता ईमेल टाकला. मग ती पासवर्डच्या चौकटीपाशी थांबली.

"तिकडे बघ," ती म्हणाली. "पासवर्ड घरातल्यांनाही दाखवायचा नसतो. तूच सांगितलंस."

लेक भिंतीकडे तोंड करून बसली आणि निमूटपणे कळांचे आवाज मोजू लागली. चौदा झाले. तिचा स्वतःचा सहाच अक्षरांचा होता.