मारोतरावांचा पेचकस

मारोतराव मिस्त्री मोटारीचं इंजिन दातांनी ऐकत. थट्टा नाही, खरंच सांगतो. हातभर लांबीचा पेचकस, त्याचं टोक धडधडत्या इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत घट्ट धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. नागपूरच्या गांधीबाग बाजारात कापड घ्यायला आलेली माणसं पिशव्या सावरत थबकत. एकदा एक बाई नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "बिमार हाय का जी तो?"

कोणी कारण विचारलंच तर मारोतराव मूठ तोंडातून काढून सांगत, "कानात अख्खा बजार शिरते गा. दातात फक्त इंजिन येते." आणि मूठ परत तोंडात.

मी तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, शाळेत विज्ञान शिकवत होतो. सासऱ्यांनी माझ्या गळ्यात मारलेली एक म्हातारी विलायती मोटार बाळगून होतो. ती चालण्यापेक्षा थांबायचीच जास्त. तिच्यापायी मी नागपुरातल्या बहुतेक मिस्त्र्यांची तोंडं पाहिली आणि शेवटी मारोतरावांच्या लिंबाखाली स्थिरावलो. लिंबाचं झाड, एक बाकडं आणि एक हत्यारांची पेटी, एवढंच त्यांचं गॅरेज. मागे दोन खोल्यांचं घर.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. माझा काट्यांवर विश्वास होता. एकदा गाडीतला तापमानाचा काटा लालवर गेला म्हणून मी भर उन्हात वर्धा रोडवर तासभर रुमाल डोक्यावर घेऊन उभा राहिलो. मारोतराव सायकलने आले, रेडिएटरवर तळहात ठेवला आणि हसत सुटले. इंजिनातल्या तापमान मोजणाऱ्या पितळी बटणाची तार उघडी पडून लोखंडाला चिकटली होती, म्हणून काटा वर चढून बसला होता. "मास्तर, इंजिन थंड हाय, तूच गरम झाला. काटा नोकर हाय गा, मालक नाही. त्याच्यावर भरोसा ठेवू नको!" हे वाक्य मी पुढे शंभरदा तरी ऐकलं असेल. विज्ञानाच्या मास्तराला असं ऐकवलं जाणं किती झोंबतं, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

घरात त्यांची बायको सुभद्राकाकू कापडवाल्यांसाठी परकर शिवत. ते शिलाई मशीन म्हणजे मारोतरावांचा वैरी. "बंद कर वं ते खटखट! मले इंजिन ऐकू येऊन नाही राहिलं!" आतून तितक्याच जोरात उत्तर येई, "आधी तुमचं धडधड बंद करा जी, मंग पाहू!"

मग एके दिवशी काकूंच्या ध्यानात आलं की महिनाभरात नवऱ्याने मशीनबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही. दुसरी एखादी सुखावली असती. काकू घाबरल्या. त्यांनी मारोतरावांना ओढतच धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मलाही नेलं, कारण मास्तर म्हणजे साक्षीदार.

डॉक्टरांनी कानांवर टोप्या चढवल्या, बटणं फिरवली, काटा पाहिला आणि कागदावर लिहून दाखवलं: उजवा कान गेला, डावाही त्याच वाटेवर आहे. मारोतरावांनी कागद वाचला, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाक्तरसाहेब, तुमच्या काट्याची वायर शॉट झाली असंल. आधी स्वतःचे कान तपासा बरं!" काकूंनी कपाळाला हात लावला. कानात घालायचं यंत्र घ्या म्हटल्यावर तर ते उठून चालू लागले.

गावात अशा बातम्या पसरायला वेळ लागत नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार? लिंबाखाली गाड्या दिसेनाशा झाल्या. मारोतरावांनी काय करावं? एका पत्र्यावर रंगाने लिहिलं, "इथे मिस्त्री बरोबर ऐकतो. ज्याले शंका हाय त्यानं गाडी आणावी," आणि तो पत्रा झाडाला ठोकला. बाकड्यावर येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे वटारून बसले. तीन आठवडे एकही गाडी आली नाही. ते मात्र रोज सकाळी पेटी उघडून पान्हे पुसून मांडत.

नेमकी तेव्हाच माझी गाडी मिसिंग मारू लागली. चालता चालता हिसके द्यायची, जणू उचकी लागली होती. आता कबूल करतो, मी आधी मारोतरावांकडे गेलो नाही. मी चोरासारखा एका नव्या गॅरेजात गेलो. तिथल्या डिप्लोमावाल्या प्रकाशने डायल असलेलं मोठं यंत्र गाडीला जोडलं आणि इंजिन उघडावं लागेल असं सांगितलं. इंजिन उघडायचं म्हणजे त्या म्हातारीचा शेवटच होता. मी खाली मान घालून लिंबाखाली गेलो आणि सगळं कागदावर लिहून दिलं.

मारोतराव रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बोलाव त्या मशीनवाल्याले. त्याच्यासमोर पाहतो."

प्रकाश आला. आजूबाजूचे दुकानदारही जमले. मारोतरावांनी इंजिन चालू ठेवून पेचकस दातांत धरला आणि प्लगची एकेक तार काढून पाहू लागले. तार काढली की इंजिन आणखी लंगडायचं. तिसरी काढली, तेव्हा काहीच फरक पडला नाही. "हा सिलिंडर मेला हाय," त्यांनी बोट ठेवलं.

"प्लग तर नवीन टाकला मी!" प्रकाश ओरडला. मारोतरावांनी त्याचे ओठ पाहिले. प्लगची अदलाबदल केली, तारेचीही केली. तिसरा मेलेलाच. मग चारी तारा जिथे येतात ती काळी टोपी काढून त्यांनी धोतराने पुसली आणि उन्हात धरली. आत केसाएवढा तडा होता. "इथून करंट पळून राहिला. आन तू इंजिन फाडाले निघाला होता गा?"

नवी टोपी बसवली आणि गाडी अशी चालू लागली की मलाच ओळखू येईना. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. मारोतरावांनी त्या पाहिल्या. लिंबाखाली गाड्या परत येऊ लागल्या. माझी तर छाती फुगली, जसं काही टोपी मीच शोधली होती.

काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. आत मशीन चालू होतं. दारातून पाहिलं तर काकू मशीन चालवत होत्या आणि मारोतराव स्टुलावर बसले होते, पेचकसाचं टोक मशीनवर, मूठ दातांत. काकूंच्या सुईत धागा नव्हता. खाली कापडही नव्हतं. दर चार फेऱ्यांनी त्यांचा पाय मुद्दाम जरासा अडखळत होता.

"चौथ्याले मिसिंग हाय वं!" मारोतराव म्हणाले.

काकूंचा चेहरा फुलला. "बरोबर पकडलं जी!" त्या मान हलवत म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मारोतराव मला बाहेर घेऊन आले. "पाह्यलं ना मास्तर? मशीन चांगली हाय. तीच पाय अडवते. मले अजून ऐकू येते का, ते रोज तपासते."

"मग बरोबर पकडता की तुम्ही!" मी ओठ नीट हलवत म्हणालो.

"दातातही आता काही येऊन नाही राहिलं गा. दोन महिने झाले. बारीक डोळे करून तिचा पाय पाहतो, आन सांगतो." ते पत्र्यावरची अक्षरं पाहत राहिले. "ह्या वयात मीच खोटा काटा झालो."

मी त्यांच्या नजरेसमोर येऊन म्हणालो, "काकूंना खरं सांगा ना."

"काहून सांगू? तिले ह्या काट्यावर भरोसा हाय. रातभर झोप लागते तिले."

आत मशीन पुन्हा सुरू झालं. त्यांना ते कळलं नाही. मी हाताने पायडल मारल्याची खूण केली, तसे ते पेचकस उचलून लगबगीने आत गेले.