मेणबत्तीवरचा ठोसा

रघु गुरुजींनी हात वर केला, तिथून सगळं बिघडलं. खोडाळ्याजवळच्या त्यांच्या शाळेत मुलींना कराटे शिकवायचं ठरलं होतं. "जव्हारला प्रशिक्षणाला कोण जातंय?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा गुरुजी खरं तर कानाजवळची माशी हाकलत होते. पण टाळ्या पडल्या आणि हात खाली घ्यायची त्यांना लाज वाटली. (टाळ्या पडल्यावर भल्याभल्यांचा हात खाली येत नाही.)

प्रशिक्षण देणाऱ्या हर्षाली मॅडम वयाने गुरुजींच्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी ठोसा मारला की बाहीचा फटकारा ऐकू यायचा, हात दिसायचा नाही. गुरुजींचा ठोसा मात्र मागच्या रांगेतल्यांनाही नीट दिसायचा.

"गुरुजी, तुम्ही मारताय की उसनं पीठ मागताय?" मॅडम म्हणाल्या. "मूठ नेण्यात काही नाही, परत आणण्यात वेग आहे. पेटत्या मेणबत्तीसमोर सराव करा. ज्योतीला शिवायचं नाही. मूठ झटक्यात मागे आली की वाऱ्यानेच विझेल."

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण सव्वीस जानेवारीला सगळ्या गावासमोर गुरुजींनीच हे करून दाखवायचं, असंही ठरून गेलं. मुली आतापासूनच तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. त्या दिवशी फजिती झाली, तर वर्गात पुढे त्यांचं कुणी ऐकणार नव्हतं. गुरुजींना या काळजीने घास जाईना.

त्यांनी घरामागच्या गोठ्यात, कारवीच्या काटक्यांच्या कुडाच्या भिंतीला लागून स्टूल मांडलं, त्यावर मेणबत्ती लावली आणि रोज सांजेला ठोसे सुरू केले. डोंगरावरून धुकं उतरायचं, बैल रवंथ करत बघायचा. ज्योत जराशी वाकायची आणि पुन्हा सरळ उभी राहायची.

मग एका सांजेला ती विझली.

गुरुजी आनंदाने उडीच मारणार होते, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मूठ अजून कमरेलाच आहे. वारा नव्हता. त्यांनी पुन्हा पेटवली. मूठ कमरेला, आणि ज्योत गेली. आपला वेग इतका वाढलाय की आपल्यालाच दिसत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. (शिकलेल्या माणसाला हे फार लवकर जमतं.) तिसऱ्यांदा ते हात मागे बांधून नुसते उभे राहिले. ज्योत थरथरली आणि विझली. बैलाने रवंथ थांबवलं आणि तो कुडाकडे टक लावून बघू लागला.

"क... कोण आहे?"

अंधारात कुणीतरी लांब श्वास घेतला.

गुरुजींच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ठोसा हाणला. मेणबत्ती राहिली बाजूला. मूठ कूड फोडून कोपरापर्यंत आत गेली, आणि पलीकडून काहीतरी गार, ओलं, चिकट त्यांच्या मनगटाला घट्ट धरून बसलं.

"सोड मला! माझी पोरं लहान आहेत!"

"माझीबी तीच हायेत," कूड म्हणाला.

ती सखी होती, गुरुजींची बायको. कुडापलीकडे तिची चूल होती. एका हाताला नागलीचं पीठ, दुसऱ्या हातात चुलीची फुंकणी.

"अवो, फटीतून फुंकणी घालून मीच विझवत व्हते. तुमचं हुं हुं सरत नाय, भाकर गार होते. म्हटलं, बत्ती गेली म्हंजे तरी जेवाय याल!"

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. हात कुडातच होता, आणि तो तिथे असतानाच त्यांच्या डोक्यात कल्पना आली.

"सखी, सव्वीस जानेवारीला शाळेच्या बॅनरमागे बसशील? फुंकणी घेऊन?"

"पोरींपुढं खोटं करायचं? लाज नाय वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तुला मागे बसवतोय."

त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिला दया आली. ती हो म्हणाली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. उन्हं चढली होती, पान हलत नव्हतं. टेबलावर मेणबत्ती, मागे बॅनर. गुरुजी ठरल्याप्रमाणे खोकले. ज्योत तशीच. ते पुन्हा खोकले आणि त्यांनी सहज समोर बघितलं, तर सखी बायकांच्या पहिल्या रांगेत! मुख्याध्यापकांच्या बायकोने तिला मानाने ओढून तिथे बसवलं होतं. पदराखालून फुंकणी डोकावत होती आणि सखी हताशपणे मान हलवत होती.

 मुलींच्या ओढण्या तोंडाकडे निघाल्या. मूठ कमरेलाच होती.

आणि ज्योत आडवी झाली, कुणी तोंड जवळ आणावं तशी. मग विझली. धूर सरळ वर गेला.

 सगळ्यांना एकदम गार वाटलं. मग पाहुण्या म्हणून आलेल्या हर्षाली मॅडम ओरडल्या, "अहो, मूठ दिसलीसुद्धा नाही!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

गुरुजी थेट आईपाशी गेले. ती, भागी, आंब्याखाली एकटीच बसली होती; तिथून बॅनरची मागची बाजू दिसत होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"आये, बत्ती कुणी विझवली?"

"तुझा बा. आत्ता इथंच बसला व्हता, उठून गेला."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुरुजींचे डोळे भरून आले.

"माझी लाज राखाय आला गं?"

"तुझी कसली लाज!" भागी म्हणाली. "भर उन्हात बत्ती फुकट जळताना त्याला कधी बघवली का? 'कोणाचा रं हा येडा पोरगा,' असं बोलतच उठला."