करंट गेला की शाळा भरायची

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी भरमाण्णा गेले. सकाळची शाळा होती. प्रार्थना झाली, ते ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. मुलांना घरी सोडले.

त्यांच्याविषयी लिहायचे तर विजेपासून सुरुवात करावी लागते. आमच्या सीमाभागातल्या वडगावात वीज गेली की सगळी गल्ली शिव्या देते. भरमाण्णा टाळी वाजवायचे. एकच, मोठी. मग ऑफिसातून ओरडायचे, "करंट गेला रं! घंटा द्या!"

तास मध्यावर असला तरी घंटा व्हायची. कारण साधे होते. गल्लीत घरोघर विजेवरचे माग. मागाच्या धोट्यात घालायला छोट्या नळ्यांवर सूत भरून ठेवावे लागते, त्याला कांड्या भरणे म्हणतात, आणि ते काम घरातल्या मुलांचे. माग चालू असला की आमचे निम्मे बाक रिकामे. माग थांबला की घंटा ऐकून मुले पळत यायची, केसांत सुताचे तंतू घेऊन. भरमाण्णा दारात उभे राहून म्हणायचे, "या, या. सरकारनं सुट्टी दिली, आता शिका."

ते आमच्या सरकारी मराठी शाळेचे हेडमास्तर. मी तिथे भाषा शिकवते. ज्यांना परवडते त्यांची मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे उरतात ती विणकरांची, कलबुर्गीकडून आलेल्या गवंड्यांची, उत्तर प्रदेशच्या रंगाऱ्यांची, जांबोटीच्या रानातून पोटासाठी शहरात आलेल्यांची. नवे मूल आले की भरमाण्णा त्याला नाव नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "घरात काय? माग, थापी का ब्रश?" मूल कन्नडमध्ये उत्तर देवो की हिंदीत, ते त्याच भाषेत पुढे बोलायचे आणि शेवटी मराठीत सांगायचे, "बस बाळा, हितं सगळं चालतंय."

विणकरांना मात्र पक्का संशय होता की वीज तेच घालवतात. एकदा गल्लीतल्या शांताक्का चार बायकांना घेऊन ऑफिसात आल्या.

"मास्तर, लाइनमनला तुमी रोज चहा पाजताय म्हनं?"

"पाजतोय की. त्यो माझा विद्यार्थी हाय."

"बघा गं! मी म्हनलं न्हवं?"

"आक्का, माझ्या हातात फ्यूज असता तर ह्या गल्लीला फक्त आयतवारी करंट मिळाला असता."

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी सगळ्या हेडमास्तरांना विचारले, दहावीचा निकाल कमी का? कुणी पालकांना दोष दिला, कुणी मोबाइलला. भरमाण्णा उभे राहिले. "साहेब, करंट लई येतोय." साहेबांनी ते कन्नडमध्ये पुन्हा सांगायला लावले. तरी त्यांना कळले नाही.

मग एका वर्षी गल्लीत नवा ट्रान्सफॉर्मर बसला. लोकांनी त्याला हार घातला, पेढे वाटले. भरमाण्णांनी पेढा घेतला आणि तोंडात न घालता टेबलावर ठेवला. वीज जाईनाशी झाली. संक्रांतीनंतर दहावीतली कल्पना यायची बंद झाली. ती शांताक्कांची थोरली. गणितात तिच्याइतकी हुशार पोरगी आमच्याकडे बऱ्याच वर्षांत आली नव्हती. लग्नसराईच्या साड्यांचे काम अंगावर होते, आणि तिचे वडील नागाप्पा म्हणाले, "परीक्षा पुढच्या वर्षीबी हाय. गिऱ्हाईक न्हाय." पुढच्या वर्षी परीक्षेला बसलेली मुलगी गल्लीत कुणी पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी लग्ने होत.

भरमाण्णा दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी विषय काढणे सोडले. शाळा सुटली की पिशवी उचलून ते घाईने निघू लागले. विचारले तर म्हणत, "दाताच्या डॉक्टरकडं." रोज कुठला दात, असे आम्ही आपसात हसायचो.

परीक्षेचे हॉलतिकीट आले. कल्पना येत नव्हती, म्हणून मीच तिच्या घरी गेले. माग खडखडत होते. दारातच, जमिनीवर, सूत गुंडाळायच्या रहाटाजवळ मांडी घालून भरमाण्णा बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, डोक्यावर सुताची पिंज. ते कांड्या भरत होते, आणि शांताक्का त्यांना झाडत होत्या.

"मास्तर, ही बी ढिल्ली! सूत तुटतंय मागावर. किती येळा सांगू?"

"नापास करा आक्का, पण वर्गाबाहेर काढू नका."

आतल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून कल्पना गणिते सोडवत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

मी म्हणाले, "सर, दात?"

"हालतोय अजून," ते म्हणाले आणि लाजले.

परत येताना आम्ही खडेबाजारच्या बसची वाट पाहत उभे होतो. मी म्हटले, त्या बाई तुम्हाला फार बोलतात. ते डोक्यावरची पिंज झटकू लागले.

"बोलू द्या बाई. बायको मालती गेल्यापास्नं मला कुणी रागावलंच न्हाय. घरला गेलो की रेडिओ बोलतोय, पण त्यो माझ्याशी न्हाय बोलत." मग पिशवी काखेत मारत, "आज तीन कांड्या पास झाल्या माझ्या."

कल्पना परीक्षेला बसली. पहिल्या वर्गात पास झाली. निकालाच्या दिवशी नागाप्पा शाळेत आले, ऑफिसच्या दारात चप्पल काढून उभे राहिले आणि तसेच परत गेले. त्याच वर्षी दिवाळीआधी भरमाण्णा गेले.

त्यांच्या जागी नवे हेडमास्तर आले आहेत. शाळा चालू आहे. कल्पना कॉलेजला जाते. तिची धाकटी बहीण आमच्याकडे आठवीत आहे आणि रोज येते. तिच्या वाटणीच्या कांड्या नागाप्पा पहाटे उठून स्वतः भरतात.