पेनड्राइव्हचा घसा बसला

मंगळवारी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला माझ्या पेनड्राइव्हचा घसा बसला. 'गावरान लसूण' म्हणायला गेला नि 'गाव'वरच फाटला.

आवाज तसा माझाच. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून माझा घसा जायला लागला, तेव्हा उरला होता तेवढा आवाज मुजावरच्या मोबाइलच्या दुकानात भरून घेतला. आता मी कुणाच्या कानाशी जाऊन बोलले तरच ऐकू येतं. पेनड्राइव्ह भोंग्याला खोचायचा नि गाडा ढकलायचा. ओरडायचं काम त्याचं.

मुजावर म्हणाला, नवीनमध्ये कॉपी करू. केली. तीही घोगरीच निघाली.

"अक्काताई, घशाचं काम मी करत नाही," म्हणाला. त्याचंही खरं होतं.

मग चौगुले डॉक्टरांकडं नेला. माझा घसा त्यांनीच बघितलेला. त्यांनी टोपण काढून आत बॅटरी मारली.

"वय?"

"ह्याचं दोन. आवाजाचं एक्कावन्न."

"मध्ये थांबतो कधी?"

म्हटलं, गाडा थांबत नाही तर हा कुठून थांबेल? मी थांबले की लसणाला कोंब फुटतात नि गल्लीत कांदा-लसणाचा टेम्पो शिरतो.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'मौन' एवढंच लिहिलं. "तुम्हालाही हेच सांगितलं होतं," म्हणाले. सांगितलं होतं. मौन पाळून लसूण खपत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पेनड्राइव्ह ज्येष्ठमधाच्या डबीत ठेवला नि मुका गाडा ढकलत राहिले. मागांच्या आवाजात मी आलेली कुणाला कळेना. टेम्पोवाल्यानं त्याच्याकडचा जादाचा पेनड्राइव्ह पुढं केला. घ्या मावशी, ह्यात कांदा-लसूण दोन्ही आहे, म्हणाला. मी त्याच्या कानात सांगितलं, बाप्यामाणसाच्या आवाजात लसूण विकायची वेळ आली तर गाडाच विकीन. पण घरी पोत्यात कोंब दिसायला लागले होते.

सोमवारी डबी उघडून पेनड्राइव्ह खोचला. आवाज मोकळा, खणखणीत. "लसूण घ्या, गावरान लसूण." दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "लसूण घ्या, गावरान लसूण. अक्के, टेक जरा."

एवढं मी भरलं नव्हतं. गाडा ढकलला तर भोंगा गप्प. उभी राहिले तरी गप्प. उपटून पुन्हा खोचला, चार शिव्या दिल्या, तरी गप्पच. शेवटी चाकाला वीट लावली नि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. तेव्हा कुठं त्यानं आवाज लावला.

टेम्पो आला नि गेला. बायका पिशव्या घेऊन कट्ट्यापर्यंत चालत आल्या. एकीनं लसूण निवडता निवडता विचारलं, "आज बसलीस गं?"

तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "त्याला बरं नव्हतं."

तिनं भोंग्याकडं बघितलं. "मग बस," म्हणाली, नि अर्धा किलो जास्त घेतला.