चार नंबरची सोपी वाट

भोरमधली कोणतीही वाट मी डोळे मिटून चालून दाखवीन, असं मी बाबांना ऐटीत सांगितलं, तो त्यांचा घरातला शेवटचा साधा दिवस होता. तेव्हा अर्थात तो नुसता सोमवार होता.

बाबा जेवणाच्या टेबलावर निळी वही उघडून बसले होते. मोजणी खात्यात चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून झाल्यावर, निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी भोर मोजायला घेतलं होतं. वहीचं नाव ‘सोप्या वाटा’. नगरपालिकेची बाग, शाळेमागची चिंचेची रांग, नीरेकाठची झाडी. कुठून कुठवर किती पावलं, बाक कुठे, कोणत्या बाकाची पाठ मोडलेली, सावली किती वाजेपर्यंत, कोणतं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कोणतं शब्दाला जागतं, सगळं सुवाच्य अक्षरात.

“चार नंबरची वाट उद्या चालून बघायची आहे. येतेस?”

“उद्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद आहे, बाबा. आणि त्या वाटेत बघायचंय काय? बाग, पेठ, नदी. डोळे मिटून चालेन मी!”

“मग उघडे ठेवलेस तर कुठवर जाशील!” असं म्हणून त्यांनी माझ्या ताटातला पापडाचा अर्धा तुकडा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ते बसल्या जागी कलंडले. अॅम्ब्युलन्स, पुणे, काचेचा दरवाजा. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. पुढचंही पुण्यातच झालं. माझा भाऊ वरद म्हणाला, “एवढा घाट ओलांडून परत कुठे न्यायचं, वैदेही?” मी मान हलवली. त्यामुळे ज्या गावाचं पाऊल न पाऊल बाबांनी मोजलं होतं, त्या गावाला त्यांच्यामागे चार पावलं चालता आलं नाही.

वरदने मोबाईलवरून नातेवाइकांना आणि बाबांच्या मित्रांना कळवलं. माझ्या वाट्याला ते वाक्य बोलायची वेळच आली नाही, आणि पुढे मी ती येऊ दिली नाही. इस्त्रीवाल्याने विचारलं, “साहेब दिसत नाहीत?” मी म्हटलं, “पुण्याला.” दूधवाल्याला म्हटलं, “अर्धा लिटरच टाका.” बँकेतल्या बाईंनी विचारलं, खातेदार कुठे आहेत, तर मी खिडकीतून दाखला आत सरकवला आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिले. हजारो पुस्तकांमध्ये दिवस काढणारी बाई मी, आणि तीन शब्दांचं वाक्य मला जमेना! पहिले दोन शब्द यायचे. तिसरा यायचा नाही.

महिना झाला. डिसेंबर लागला. बाबांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळातल्या शैलजाताई घरी आल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या विनंतीसुद्धा हजेरी घेतल्यासारखी करतात.

“उपेंद्ररावांची चार नंबरची वाट चालायची राहिली आहे. ती आपण सगळ्यांनी चालू या. शेवटी नदीकाठी बकुळीचं रोप लावू. कोण नेईल?”

“मी!” मी म्हटलं. “तोंडपाठ आहे मला.”

वाट खरोखरच सोपी होती. बागेतून निघायचं, पेठेतून सरळ खाली यायचं, दोनदा बसायचं, नदीकाठी पोचायचं. वहीत पानाच्या तळाशी लाल शाईने लिहिलं होतं, ‘बाजाराचा दिवस टाळावा.’ मीही ते वाचलं होतं. पण साडेसातला कुठला बाजार, असं मी ठरवून टाकलं. हा माझा आत्मविश्वास!

त्या सकाळी बागेच्या दाराशी आम्ही नऊजण जमलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, कारण बाबांचाच नियम. पहाटेच्या अंधारात गाडीवाल्यांना पांढरं दिसतं. ओळ दोन-दोनची, कारण पेठ अरुंद. आणि पहिल्या टप्प्यात बोलायचं नाही, कारण बोलण्यात दम जातो. रोप माझ्याकडे होतं. बाबांना प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा तिटकारा, म्हणून मी ते मुद्दाम मातीच्या मडक्यात लावून घेतलं होतं. मडकं दणदणीत आणि रोप वीतभर. मडक्याला सुतळीचं शिंकाळं बांधून ते हातात धरून मी पुढे झाले.

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. सर्वांत पुढे पांढऱ्या कपड्यांतली, महिनाभर न झोपलेली बाई. हातात शिंकाळ्यातलं मडकं. मागे आठ म्हातारी माणसं, पांढऱ्या कपड्यांत, खाली मान घालून, गुडघे जपत, एकही शब्द न बोलता!

पहिलं शटर गोरखने खाली ओढलं. गोरखचं भांड्यांचं दुकान पेठेच्या तोंडाशीच आहे. आमच्याकडे पेठेतून मयत जाताना दुकानदार शटर अर्धं खाली घेतात आणि पायरीवर उभे राहतात. गोरख उभा राहिला. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे, एवढ्या सकाळी ज्येष्ठ नागरिकांना मान देतोय! मी किंचित मान झुकवली. त्याने हात जोडले.

मग शेजारचं शटर. मग त्याच्या शेजारचं. खडखड, खडखड, अशी ती शटरं आमच्या पुढे पुढे पळायला लागली. एका मोटारसायकलवाल्याने इंजिन बंद करून टोपी काढली. चौकात हवालदाराने शिट्टी मारून स्वारगेटची एसटी थांबवली. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून नमस्कार करत होता.

कुमारकाका माझ्या मागेच होते. एसटीत कंट्रोलर होते ते, त्यामुळे त्यांची कुजबुज फलाटाच्या टोकापर्यंत ऐकू जाते.

“वैदेही! मागे बघू नकोस. पण आपण नऊ होतो ना?”

“हो.”

“आता चाळीस तरी असतील!”

“कुमारराव, पहिला टप्पा!” शैलजाताईंनी दटावलं. “बोलायचं नाही.”

“अहो, पण लोक—”

“दम जातो!”

मी मागे बघितलंच. बाजाराला आलेली माणसं, हातात पिशव्या, डोक्यावर पाट्या, आमच्या मागे ओळीत लागली होती. मेथीच्या जुड्या विकणारी रतनबाई तर पदर तोंडाला लावून रडत होती. तिला कोणीतरी विचारलं, “कोण गेलं गं?”

“कोन का आसंना,” ती म्हणाली. “आपल्याच गावातलं ना?”

“आन् तिरडी कुठं दिसंना ती?”

“पुन्याच्या दवाखान्यात गेलं आसंल. आम्बुलन्स थेट घाटावर येती आता. पोरगीच मडकं धरती बग पुढं. पोरगा नसंल.”

आहे हो, पोरगा आहे! हिंजवडीत आहे, मी मनात म्हटलं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मडकं. पांढरे कपडे. घाटाची वाट. अरे देवा!

सोपं होतं खरं तर. उलटं वळायचं आणि मोठ्याने सांगायचं, “मंडळी, गैरसमज होतोय. कोणी गेलेलं नाही.” मी तोंड उघडलंसुद्धा. पण ते माझ्याच्याने म्हणवेना. कारण ते खोटं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर तेच तीन शब्द! म्हणून मी तोंड मिटलं आणि चालत राहिले. बाबांच्या हिशेबाने पेठ सहाशे दहा पावलांची. मला ती सहा हजारांची लागली.

दुसऱ्या बाकापाशी एक म्हातारा माझ्या बरोबरीने चालायला लागला. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, खांद्यावर तांदळाची पिशवी. आंबेमोहोराचा वास आला आणि मी त्याला ओळखलं. आंबवड्याचा चिमाजी. त्याच्या आणि त्याच्या भावाच्या बांधाचा तंटा बाबांनी दिवसभर उन्हात उभं राहून, साखळी तीनदा टाकून मिटवला होता. तेव्हापासून भात झोडपलं की पहिली पिशवी आमच्या घरी. त्या काळ्या काचांतून त्याला मी ओळखू येत नव्हते.

“कोन गेलं बाई तुजं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

मी शिंकाळं या हातातून त्या हातात घेतलं.

“ऱ्हाऊ दे. नगं बोलू.” त्याने खांद्यावरची पिशवी सावरली. मग त्याचं त्यालाच राहवेना. “म्या मोजणीसाहेबांकडं चाललो व्हतो. वाटंत मयत दिसली, म्हनलं, आदी हितं दोन पावलं टाकावी, मंग साहेबांकडं जावं. साहेब काय, घरीच आसत्यात. च्या पाजल्याबिगर सोडत न्हाईत. वळकतीस का त्यास्नी?”

मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली, मला आठवत नाही.

“लई सरळ मानूस. आमचा बांध मोजला तवा भावानं गूळ-शेंगा पुडं केल्या, तर म्हनले, मोजनी झाल्यावर दोघं मिळून द्या, तवा खाईन.” तो हसला, मग जागा आठवून त्याने हसू आवरलं. “आन् आमी दिल्या की दोघांनी! लाजंकाजंनं का व्हईना, एका ताटलीतनं दिल्या.”

मागे कुमारकाकांनी नाक शिंकरलं. एसटीचा भोंगा वाजल्यासारखं.

नदीकाठी वाटेला दोन फाटे फुटतात. डावीकडे नगरपालिकेची झाडी, उजवीकडे घाट. आम्ही नऊजण वहीप्रमाणे डावीकडे वळलो. मागची सगळी गर्दी रिवाजाप्रमाणे उजवीकडे वळली. घाटावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मडकं भलत्याच दिशेला गेलंय.

“ताई, हिकडं! हिकडं!” गोरख दुकान टाकून आला होता. “चुकलात!”

“रडून रडून बावरल्यात बिचाऱ्या,” कोणी म्हणालं. दोन बायकांनी मला दंडाला धरून घाटावर आणलं. शैलजाताईंनी “अहो, हे रोप आहे, रोप!” असं मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलं, पण ते ऐकायला कोणी नव्हतंच. गोरख लाकडांची चौकशी करत होता.

“बॉडी आली न्हाई अजून?”

“टोलनाक्यावर अडकली आसंल.”

“बसा मग. येईल.”

आणि सगळे बसले! पायऱ्यांवर, पाट्या मांडीवर घेऊन, भाजी वाळत असताना, बाजाराच्या ऐन वेळेला, साठ-सत्तर माणसं अॅम्ब्युलन्सची वाट बघत गपचूप बसली. कोणाची ते एकालाही माहीत नव्हतं. कोणी घड्याळ बघत नव्हतं. रतनबाईने मला पाण्याचा तांब्या दिला. कुमारकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मी सांगू का, वैदेही? मी कंट्रोलर होतो. गाडी रद्द झाल्याचं मी रोज सांगायचो.” त्यांचे डोळे लाल झाले होते.

“नको, काका,” मी म्हटलं.

चिमाजी शेजारच्या पायरीवर टेकला होता. पिशवी त्याने मांडीवर घेतली, तोंड सोडलं, तांदळात हात घालून बघितला, पुन्हा बांधली.

“गाडी लई वेळ लावती काय गं, बाई?” तो म्हणाला. “न्हाई, म्या थांबतो. तुला सोडून कसं जायचं? पर साहेब साडेनवाला च्या घेत्यात. त्येवडं गाठायचं व्हतं.”

मी मडकं खाली ठेवलं. त्याच्यासमोर खालच्या पायरीवर बसले. नदीला पाणी थोडंच होतं, तेही हलत नव्हतं.

“चिमाजीकाका, मी वैदेही. साहेबांची मुलगी. गाडी यायची नाही. महिना झाला.” मी आवाज आणखी मोठा केला, वरच्या पायरीपर्यंत पोचेल एवढा. “माझे बाबा गेले.”