आढीतली शॅम्पेन

१४ मे. आढी उलटायची होती. मागच्या खोलीत पेंढ्यात पिकायला घातलेले आंबे वरखाली करताना हाताला बाटली लागली. फ्रेंच शॅम्पेन. कोंबडीखालच्या अंड्यासारखी कोमट.

शेजारच्या मधुभाऊंशिवाय हे काम कुणाचं असणार? त्यांची तीस वर्षं बोटीवर साहेबलोकांना वाइन वाढण्यात गेली. आता एकटेच असतात आणि सोलकढीसुद्धा पेला गोल फिरवून, नाकाशी धरून पितात. “घाई नको, वहिनी. तिला श्वास घेऊ द्या.” मग विचारतात, “तुम्हांला काय वाटतं?” मी म्हणते, लसूण जास्त झाली. ते डोळे मिटून म्हणतात, “लसूण पुढे येते खरी, पण मागे नारळ आहे.” एका लग्नात त्यांनी सोलकढीला इतका श्वास घेऊ दिला की वाढपी पानच उचलून गेला.

त्यांना हाक मारली.

“माझा फ्रिज बंद पडला हो. तिकडे अशीच ठेवतात. आडवी, काळोखात.”

“तिकडे शेजारी आंबे पिकवतात का? हात लावून बघा.”

हात लावला आणि ते पायरीवर बसून सांगू लागले. कप्तानाने निरोपाला दिलेली बाटली. मुलगी लीना सहा वर्षांनी उद्या दुपारी येणार, तिच्यासाठी राखलेली.

“बिघडली असेल?”

“उघडून बघा.”

“उघडली की बुडबुडे गेले. मग उद्या काय देऊ?”

मी बाटली माझ्या फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळपर्यंत ते चारदा बघून गेले. बूच वर आलंय का, काच तडकली का.

“फ्रिजमधल्या बांगड्यांचा वास लागेल का हिला?” मी विचारलं.

“लागला तरी मला कुठे कळणार?” ते म्हणाले. “मोठा ताप आला होता ना, त्यानंतर वासच गेला. तीन वर्षं झाली.”

‘तुम्हांला काय वाटतं?’ हा मी शिष्टाचार समजत होते.

“लीनाला बोलू नका. रोज फोनवर विचारते, बाबा, आज काय चाखलंत? तेवढंच बोलणं होतं आमचं. उद्या पहिला वास तुम्ही घ्या. चांगली असेल तर ताज्या पावाचा येईल, बिघडली असेल तर शिजलेल्या सफरचंदाचा. मला नुसतं खुणवा.”

१५ मे. मी आयुष्यात वाइन हुंगलेली नाही. रात्री झोप धड लागली नाही.

सकाळी लसणीची फोडणी टाळली, बेकरीतून गरम पाव आणला आणि स्वयंपाकघराचं दार लावून तो चार वेळा हुंगला.